वीतभर मातीखाली

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांत उजेड पाडला, त्याच्या स्वतःच्या बागेतली खोली मात्र दोन वर्षे अंधारात होती. ही गोष्ट गल्लीत सर्वांना ठाऊक होती आणि ती सांगताना कोणालाही हसू आवरत नसे.

त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. पस्तीस वर्षे त्यांनी कारखान्यात वायरमनचे काम केले होते. शाळा सातवीतच सुटली. परंतु हाताला अशी जाण होती की, मोटारीच्या नुसत्या आवाजावरून तिचे दिवस भरले की नाही हे ते सांगत. परवान्याच्या लेखी परीक्षेस ते दोनदा बसले आणि दोन्ही वेळा त्यांना कागदाने दगा दिला. तिसऱ्यांदा ते बसले नाहीत. त्याच परीक्षेत त्यांचा बारा वर्षांनी लहान असलेला सख्खा भाऊ, ज्याला त्यांनीच हाताला धरून हा धंदा शिकवला होता, पहिल्या फटक्यात पास झाला. त्या दिवशी उस्तादांनी स्वतः पेढ्याच्या दुकानात जाऊन पुडा आणला, सगळ्या गल्लीत वाटला, आणि स्वतः मात्र एकही तोंडात घातला नाही. दात दुखतो असे सांगितले. दात त्यांचे अजूनही सर्व शाबूत आहेत.

त्यांच्या पत्नीला गल्लीत बाइंडरबाई म्हणत, कारण त्या घरी पुस्तकांची बांधणी करीत. वाचनालयांची फाटकी, कणा मोडलेली पुस्तके त्यांच्याकडे येत आणि नवी होऊन परत जात. हे सारे काम जेवणाच्या टेबलावर चाले. त्यामुळे ताटात कागदाची कातरण, पाण्याच्या तांब्यात दोरा आणि घरभर सरसाचा वास, अशी त्या संसाराची अवस्था झाली होती. बागेच्या डाव्या टोकाला विटांची एक खोली होती. तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि गंजलेली अवजारे पडून होती. बाइंडरबाईंना तिथे कामाची जागा करावयाची होती: कागद कापण्याचे मोटारीचे यंत्र, सरस गरम करण्याची विजेची शेगडी आणि डोक्यावर भरपूर उजेड.

"करतो ना," असे उस्ताद दोन वर्षे म्हणत होते. ते खोटे बोलत नव्हते. परंतु ज्याचे काम त्याच्या हाताशी असते, त्याला ते उद्याही करता येईल असेच वाटत राहते.

एके दिवशी सकाळी बाइंडरबाई सहज म्हणाल्या, "मी भावजींना सांगितलंय. रविवारी येतायत."

"कशाला?"

"खोलीची लाइन टाकायला."

उस्तादांच्या हातातला चहा बशीत सांडला. "आणि मी काय मेलोय?"

"तुम्ही आहात म्हणून तर दोन वर्षं थांबले. नसतात तर केव्हाच दुसरा वायरमन बोलावला असता."

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं की. एकदा नाही, सतरांदा. तुमचं उत्तर मला पाठ आहे. शिवाय वीज कंपनीला परवानेवाल्याची सही लागते. ती काय तुम्ही करणार?"

शेवटचे वाक्य त्या कुजकेपणाने बोलल्या नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने ती एक माहिती होती. उस्तादांच्या काळजात मात्र ते वाक्य खिळ्यासारखे बसले आणि रविवारपर्यंत जागचे हलले नाही.

रविवारी धाकटा बरोबर आठच्या ठोक्याला आला. पायांत जाड बूट, कमरेला अवजारांचा पट्टा, हातात मोजणीची फीत. आल्या आल्या त्याने थोरल्या भावाच्या पायांना हात लावला. त्यातही उस्तादांना असे वाटले की, पूर्वी हा जरा अधिक वाकत असे.

नवी लाइन स्वयंपाकघरातल्या बोर्डावरून घ्यायची होती आणि स्वयंपाकघर होते घराच्या उजव्या टोकाला. धाकट्याने बागेच्या उजव्या भिंतीच्या कडेने, मग मागच्या भिंतीच्या कडेने, थेट खोलीपर्यंत चुन्याची रेघ ओढली. अंतर जास्त पडत होते, परंतु बागेला धक्का लागत नव्हता. बाइंडरबाई पदर खोचून पाहत होत्या.

"बघा," त्या पतीला म्हणाल्या, "पुस्तकाच्या कडेला दोरा घालावा तशी रेघ ओढलीय. तुम्ही असतात तर डोळ्यांच्या अंदाजाने निम्मी बाग उकरली असती."

"वहिनी, दादाच्या डोळ्यांचा अंदाज फितीपेक्षा बरा," धाकटा म्हणाला.

"राहू द्या, भावाची बाजू घेऊ नका. बसा, चहा आणते."

आणि त्यांनी चहा आणला तो नव्या कपातून. पाहुण्यांचे ते कप माळ्यावरून काढण्यास त्यांना स्टूल लागले असणार. उस्तादांना नेहमीचाच पेला मिळाला. इतकेच नव्हे, तर त्यांची स्वतःची वेताची खुर्ची, जिला सवयीने त्यांच्याच पाठीचा बाक आला होता, ती सावलीत नेऊन ठेवली होती आणि तिच्यावर धाकटा बसला होता. मनुष्य साठी उलटल्यावर लहान मुलासारखा खुर्चीवरून रुसू शकत नाही. म्हणून उस्ताद उंबऱ्यावर बसले आणि आतल्या आत जळत राहिले.

चहा संपवून धाकट्याने मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसून स्वतःच्या खिशात टाकला आणि मग उस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"दादा, जमिनीत काही गेलंय का? तुझी हौदाच्या पंपाची लाइन होती ना?"

जमीन उकरण्यापूर्वी घरच्या माणसाला विचारायचे, हा नियम उस्तादांनीच त्याला शिकवला होता. आणि खरोखरच जमिनीत लाइन होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी बागेत एक हौद होता. पत्नी माहेरी गेलेली असताना, ती परत येईपर्यंत पाणी सुरू करून दाखवावे या हौसेने उस्तादांनी दोन दिवसांत पंप बसवला होता. माती दगडासारखी कडक. "केबल अडीच फूट खोल, खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटांची रांग," असे कारखान्यात ओरडून शिकवणाऱ्या या माणसाने घरच्या बागेत केबल वीतभर मातीखाली गाडली होती. वाळू नाही, वीट नाही. वर आणखी कळस म्हणजे मेन स्विचमध्ये जागा नव्हती म्हणून जोडणी स्विचच्या वरच्या बाजूने, थेट मीटरकडूनच घेतली होती. मेन बंद केला तरी त्या लाइनमध्ये वीज राहणारच. पुढे सवडीने नीट करू, असे त्यांनी ठरवले होते. मग पंप जळाला, हौद बुजला, वर गवत आले. केबलच्या टोकाला पट्टी गुंडाळून तेही मातीत गेले. ती सवड आलीच नाही.

हे आता सांगायचे म्हणजे काय करायचे? चुन्याच्या रेघेचे कौतुक चालू असताना, त्या नव्या कपांसमोर, आपण धंद्यातले सर्वांत लाजिरवाणे काम स्वतःच्या घरी केले आहे हे कबूल करायचे, आणि तेही या परवानेवाल्यापुढे!

त्यांनी मनात नकाशा मांडला. मीटर घराच्या डाव्या अंगाला. तिथून केबल बाग मधोमध कापून जुन्या हौदापर्यंत जाते. चुन्याची रेघ तर भिंतीच्या कडेने आहे. ती केबलला शिवणारच नाही.

"ती कधीच काढून टाकली," उस्ताद म्हणाले.

धाकट्याने मान डोलावली. त्याच्या दादाने सांगितले म्हणजे ती गोष्ट त्याच्यापुरती सिद्ध होती.

दुपारपर्यंत काम जोरात चालले. धाकटा पहारीने माती फोडी, फावड्याने बाहेर ओढी, आणि अधूनमधून वहिनीशी थट्टा करी.

"वहिनी, खोलीला पाटी लावा, 'विनाकारण आत येऊ नये.' नाहीतर दादा रोज स्विचबोर्ड तपासायला येईल."

"येऊ देत की. एक झाडू हातात देईन. सगळी कातरण गोळा करतील."

दोघेही हसले. हसण्यासारखेच बोलणे होते; त्रयस्थ माणूसही हसला असता. परंतु उस्तादांना वाटले की, या घरात आपल्याशिवाय सर्वांना सर्व काही साधते. त्यांनी धाकट्याचे हात पाहिले. पन्नाशी ओलांडूनही ते हात स्थिर होते. त्यांनी मग स्वतःचे हात पाहिले आणि ते गुडघ्यांखाली दडवले.

मागच्या कोपऱ्यात मात्र पहार खणकन वाजली. भिंतीच्या पायाचा दगड इतका बाहेर आला होता की, एका फुटाखाली जाता येईना. धाकट्याने घाम पुसला.

"इथं नाही जमणार. फोडला तर भिंत हलेल."

"मग मधून जा ना सरळ," बाइंडरबाई म्हणाल्या. "गवताचं काय, पुन्हा उगवेल. अंतरही कमी होईल."

"तुम्हाला चालत असेल तर प्रश्नच मिटला. मधली जमीनही भुसभुशीत दिसतेय."

पाहता पाहता स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत, बागेतून तिरकी, दुसरी रेघ पडली. ती त्या मातीखालच्या केबलला बरोबर मध्यावर छेदत होती.

उस्ताद उंबऱ्यावरून उठले आणि पुन्हा बसले. अजून अंतर आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. धाकटा घराकडून खणत येतोय. मध्यावर यायला घटका तरी लागेल. तोवर काहीतरी निमित्त काढू. जेवायला बोलावू. पाऊल मुरगळल्याचे सोंग करू. परंतु त्यांच्या अंतःकरणाच्या तळाशी आणखी एक विचार होता, आणि तो लपवून ही कथा सांगण्यात अर्थ नाही. तो विचार असा, की होऊ दे याची एकदा चूक. उडू दे ठिणगी. कळू दे हिला की परवान्याच्या कागदाने मातीखालचे दिसत नाही. ठिणगीपुढे काय होते, हे पस्तीस वर्षांत त्यांनी दोनदा डोळ्यांनी पाहिले होते. तरीही तो विचार आला, आणि आला तो पाहुण्यासारखा लगेच गेला नाही, पाय पसरून बसला.

जमीन खरोखरच भुसभुशीत होती. घटका लागायची ती निम्म्या वेळात संपली. धाकटा मध्यावर आला. त्याने दोन्ही हातांनी पहार डोक्याच्या वर नेली.

"थांब!"

असा आवाज उस्तादांच्या गळ्यातून कारखाना सुटल्यापासून निघाला नव्हता. कामाच्या जागी कोणी थांब म्हटले की, हात जिथे असेल तिथेच राहिला पाहिजे; का म्हणून विचारायचे ते नंतर. ही शिस्त धाकट्याच्या हाडांत उतरली होती. पहार हवेतच राहिली.

उस्ताद चपला न घालता धावत आले. "खाली केबल आहे. चालू आहे."

"मेन बंद आहे, दादा. फ्यूज माझ्या खिशात आहे."

"मेनच्या वरून घेतलीय."

धाकट्याने पहार सावकाश, पाठीमागे, गवतावर आडवी ठेवली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि वाळक्या लाकडाच्या चिपेने माती बाजूला करू लागला. बोटभर माती, आणखी बोटभर, आणि काळी केबल दिसली. जागोजागी तिचे आवरण तडकले होते आणि एका तड्यातून तांबे चमकत होते. त्याने टेस्टर काढून टोक टेकवले. टेस्टरमधला दिवा लागला.

बाइंडरबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन तशाच उभ्या होत्या.

"विसरला असशील," धाकटा अखेर म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं झाली. विसरलास ना?"

"वय झालं की होतं असं," बाइंडरबाई घाईघाईने म्हणाल्या.

सुटकेचे दार उघडे होते. एक मान हलवली असती तर सर्व निभावून गेले असते. उस्तादांनी भावाच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा 'हो म्हण' असे विनवीत होता. आणि नेमके तेच त्यांना सोसवेना. हा आपल्याला क्षमाही आपल्यापेक्षा सफाईने करतो आहे!

"विसरलो नव्हतो," ते म्हणाले. "आठवत होतं."

"मग सकाळी मला..."

"तुझी स्तुती चालली होती. मला सहन झाली नाही."

धाकट्याचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. "दादा, मी मेलो असतो."

"हो."

"हो काय? नुसतं हो?"



धाकट्याने वीज कंपनीला फोन केला आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत तो त्या उघड्या केबलपाशी, पालथ्या बादलीवर बसून राहिला. त्या माणसाने खांबावरून लाइन सोडवली, मीटरजवळचा जोड काढून ती पुन्हा जोडली, आणि "कोणत्या गाढवाने केलं होतं हे?" असे विचारले. मग धाकट्याने खिशातला फ्यूज जागेवर बसवला, हात धुतले, आणि जेवणाचे ताट वाढलेले असताना तो निघून गेला.

त्यानंतरचे दिवस उस्तादांना फार जड गेले. बाइंडरबाई मोजके बोलत. "पाणी तापलंय," "दार लावा," एवढेच. एकदा मात्र पुस्तकाचा कणा शिवता शिवता, वर न पाहता, त्या म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्ही नुसते आळशी आहात. आळशी माणसाबरोबर मी सुखाने राहिले असते." 

उस्तादांनी ती जुनी केबल हाताने उपसून काढली. मग अर्धवट राहिलेला चर ते स्वतः खणू लागले. हात थरथरत, म्हणून एका वेळी दहा घाव, मग विसावा. त्यांनी चर अडीच फूट खोल नेला, तळ सपाट केला, वाळू पसरली, आणि विटा काठावर रचून ठेवल्या. हे सारे करताना आपण प्रायश्चित्त घेत आहोत असे त्यांना वाटावयास हवे होते. परंतु खरे सांगायचे तर, आता हा आला की या चराला नाव ठेवायला त्याला जागा सापडता कामा नये, हाच विचार त्यांच्या मनात अधिक होता.

धाकटा पुढच्या रविवारी आला. पायांना हात लावला नाही. चरात उतरला, फितीने खोली मोजली, एकदा, पुन्हा एकदा, आणि केबल उलगडू लागला. संध्याकाळपर्यंत सर्व झाले. मग तो बागेत उस्तादांपुढे आला आणि त्याने आपली सगळी मोजमापाची यंत्रे त्यांच्या हातांत ठेवली.

"तपास."

"परवाना तुझा. सही तुझी."

"सही मी करीनच. पण आधी तू तपास. चूक काढ. जी काढायची ती आज वहिनींच्या समोर काढ, तोंडाने बोलून काढ. मी फाटकापाशी आहे." आणि तो खरोखरच फाटकापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

उस्ताद खोलीत शिरले. भुकेल्या माणसाने डबे धुंडाळावेत तसे त्यांनी ते काम धुंडाळले. प्रत्येक सॉकेट उघडले. प्रत्येक स्क्रू पिळून पाहिला. अर्थिंगचे माप घेतले आणि विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतले. पाइपांची वळणे बोटांनी चाचपली, बोर्डाच्या मागे आरसा धरून पाहिले. एक, फक्त एकच सैल तार सापडावी, एवढीच त्या क्षणी त्यांची जगाकडे मागणी होती. एका ठिकाणी त्यांना आशा वाटली. सरसाच्या शेगडीचा स्विच इतरांपेक्षा बराच खाली होता. "सापडलं," ते मनात म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आले की, तिथे स्टुलावर बसून काम करणाऱ्या स्त्रीचा हात बरोबर तेवढ्याच उंचीवर पोचतो. आणि स्विचशेजारी लाल दिवा बसवला आहे, कारण शेगडी चालू ठेवून उठण्याची बाइंडरबाईंना खोड आहे. ती खोड उस्तादांना चाळीस वर्षे माहीत होती. दिवा लावायचे त्यांना सुचले नसते.

ते पुष्कळ वेळ त्या लाल दिव्याकडे पाहत राहिले. पोटात ओळखीची आग होती. ती विझली होती असे मी म्हणणार नाही.

बाइंडरबाई दारात आल्या. "मग? कसं आहे काम?"

उस्तादांनी यंत्रे एकेक करून टेबलावर ठेवली. "चांगलं आहे."

"एवढंच?"

"माझ्यापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले, आणि एवढे बोलण्याने त्यांना धाप लागली.

बाइंडरबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिले. मग फाटकाकडे हात केला. "मला सांगून काय उपयोग? भावजींना तिथवर ऐकू नाही गेलं. जरा मोठ्याने सांगा."

उस्ताद दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. बागेपलीकडे धाकट्याची पाठ दिसत होती. त्यांनी कारखान्यातल्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ते वाक्य पुन्हा म्हटले.